रिपोर्टवर मजकूर आणि फील्ड कसे दाखवायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या तालुक्यांत मी जिनिंग, सेवा सहकारी सोसायट्या, दूध संकलन केंद्रं आणि ग्रामपंचायतींसाठी रिपोर्ट बनवतो. काटापट्टी (वजनाची पावती), हिशेबपट्टी, कर्जखात्याचा उतारा, नमुना ८ (ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद) असे कागद. संगणक परिचालक, गटसचिव, पॉलिटेक्निकची मुलं आणि स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर विकणारे मित्र यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. रिपोर्ट बनवायच्या साधनांपैकी कुणी जॅस्पर वापरतं, कुणी क्रिस्टल, कुणी मायक्रोसॉफ्टचं आरडीएलसी, कुणी सरळ पायथन किंवा पीएचपीतून पीडीएफ काढतं. साधन बदललं तरी अडचणी बहुतेक त्याच असतात. एका उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. रिपोर्टमधला ‘मजकूर’ आणि ‘फील्ड’ यांत नेमका फरक काय?

मजकूर म्हणजे डिझाइन करताना तुम्ही टाइप केलेले शब्द: ‘कास्तकाराचे नाव’ (कास्तकार म्हणजे शेतकरी), ‘निव्वळ वजन’, ‘मापाऱ्याची सही’. ते प्रत्येक पावतीवर जसेच्या तसे छापले जातात. फील्ड म्हणजे राखून ठेवलेली जागा. छापताना डेटाबेसमधल्या त्या ओळीची व्हॅल्यू तिथे येऊन बसते. तिसरा प्रकार पॅरामीटरचा: रिपोर्ट चालवताना बाहेरून एकदाच दिलेली गोष्ट, जसं केंद्राचं नाव किंवा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. चौथं हिशेबी फील्ड, जे दोन-तीन फील्डांवरून काढलेलं असतं. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की निव्वळ वजन मिळतं, ते हे.

जे कधीही बदलू शकतं ते मजकूर म्हणून टाइप करू नका. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरतात. कुणीतरी पट्टीच्या माथ्यावर ‘हंगाम २०२३-२४’ हाताने टाइप करून ठेवतं आणि पुढच्या ऑक्टोबरात नवीन कापूस जुन्या हंगामाच्या नावाने छापला जातो. हंगाम पावतीच्या तारखेवरून काढा. दर, कराची टक्केवारी, अध्यक्ष-सचिवांची नावं यांचंही तसंच.

२. फील्ड कोणत्या पट्ट्यात ठेवायचं? माझी एकूण बेरीज प्रत्येक ओळीखाली येते.

रिपोर्ट पट्ट्यांचा बनलेला असतो. शीर्षक एकदा, पानाचा माथा आणि पायथा दर पानाला, तपशिलाचा पट्टा दर नोंदीला, गटाचा माथा-पायथा दर गटाला, आणि शेवटचा सारांश एकदा. बेरजेचं फील्ड तपशिलाच्या पट्ट्यात ठेवलं तर ते दर नोंदीला छापलं जाणारच. गावनिहाय बेरीज हवी असेल तर गटाच्या पायथ्यात ठेवा, संपूर्ण बेरीज सारांशात.

पानाच्या माथ्यावर कास्तकाराचं नाव ठेवणं धोक्याचं आहे. पान पलटताना जी नोंद चालू असेल तिचं नाव तिथे येतं, आणि कधी ते पानावरच्या पहिल्या ओळीशी जुळतं, कधी नाही. नाव गटाच्या माथ्यावर ठेवा आणि ‘दर पानावर पुन्हा छापा’ हा पर्याय चालू करा.

३. ‘पान १ पैकी ५’ लिहिलं तर सगळीकडे ‘१ पैकी १’, ‘२ पैकी २’ येतं. का?

एकूण पानं किती हे रिपोर्ट संपल्याशिवाय कळत नाही. फील्ड ‘आत्ता’ मोजलं तर तोवरची पानं दाखवतं. जॅस्परमध्ये त्या फील्डाची मोजण्याची वेळ ‘रिपोर्टच्या शेवटी’ अशी करा. क्रिस्टलमध्ये त्यासाठी तयार फील्ड मिळतं.

४. लांब नाव अर्धंच छापलं जातं. काय करू?

ए-४ रिपोर्ट असेल तर फील्डाला उंची वाढवायची मुभा द्या. हा पर्याय बहुतेक साधनांत असतो, पण काहींत सुरुवातीला बंद असतो. तो चालू केल्यावर शेजारची फील्डं आणि खालची रेघही त्या ओळीच्या उंचीबरोबर ताणली जातील असं बघा, नाहीतर नाव दोन ओळींत आणि चौकट एका ओळीची.

छापील स्टेशनरीवर उंची ठरलेली असते, तिथे अक्षर लहान करा. नाइलाजाने कापायचंच असेल तर ‘पहिली २० अक्षरं’ असं कापू नका. संगणक जे मोजतो ते आपलं अक्षर नाही. ‘क्षीरसागर’मध्ये आपल्याला पाच अक्षरं दिसतात, साठवलेली चिन्हं मात्र नऊ: क, हलन्त, ष, वेलांटी, र, स, काना, ग, र. मधेच कापलं तर नावाच्या टोकाला पाय मोडका ‘क्’ लोंबतो. पूर्ण शब्दावर कापा. आणि आडनाव कधीच कापू नका. एका गावात पांडुरंग दहा असतात, बँकेत आडनावच लागतं.

५. स्क्रीनवर मराठी नीट दिसतं, पीडीएफमध्ये वेलांटी पुढे जाते आणि जोडाक्षरं तुटतात.

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग पहिली वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी क-च्या डावीकडे हवी. ‘र्क’मधला रफार आधी साठवतात, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ही जुळवाजुळव करायला शेपिंग इंजिन लागतं, आणि अक्षरं कशी जुळतात ते नियम फाँटच्या आत असतात. ब्राउझर आणि विंडोज हे काम न सांगता करतात, म्हणून स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ररी ते करत नाहीत. त्या चिन्हं साठवलेल्या क्रमाने एकामागे एक ठेवून मोकळ्या होतात. त्यामुळे दोष फाँटचा समजून फाँट बदलत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

मूळ एफपीडीएफमध्ये शेपिंग नाही. पायथनच्या एफपीडीएफ२ मध्ये ते आहे, पण वेगळं चालू करावं लागतं आणि सोबत अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी लागते. पीएचपीत एमपीडीएफ भारतीय लिप्या हाताळतं, फक्त त्या फाँटसाठी ओपनटाइपची (फाँटमधले जुळणीचे नियम वापरणारी) मांडणी चालू केलेली हवी. पायथनमध्येच वीझीप्रिंट हे पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या आधाराने चालतं, तिथे मराठी बरोबर येतं. या कशातच पडायचं नसेल तर रिपोर्ट एचटीएमएलमध्ये बनवा आणि विनाखिडकीच्या (हेडलेस) क्रोमकडून पीडीएफ काढून घ्या. तालुक्याच्या जुन्या मशीनवर ते जरा जड जातं, पण अक्षर चुकत नाही, आणि मी स्वतः गेली काही वर्षं बहुतेक ठिकाणी हेच करतो.

फाँट पीडीएफमध्ये एम्बेड करायला, म्हणजे फाइलच्या आतच घालायला, विसरू नका. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी मोफत आहेत आणि कुठेही नेता येतात. जॅस्परमध्ये फाँट एक्स्टेन्शन म्हणून जोडावा लागतो. तुमच्या मशीनवर फाँट आहे म्हणून चाललं, बँकेच्या मशीनवर नाही म्हणून अडलं, हे टाळता येतं.

तपासायला मी एक ओळ ठेवली आहे: ‘वऱ्हाडातील शेतकऱ्यांची कर्जमुक्ती, क्षेत्र, ज्ञानेश्वर, दृष्टी, ट्रॅक्टर, ॲड., ₹’. ही ओळ बरोबर छापली गेली की बाकी काळजी नाही.

६. अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कधी प्रश्नचिन्हं, कधी भलतीच इंग्रजी अक्षरं. तिन्ही एकच आजार आहे का?

नाही, तीन वेगळे आहेत.

चौकोन म्हणजे डेटा शाबूत आहे, फाँटमध्ये ते चिन्ह नाही. ₹ चं उदाहरण घ्या: हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाही. फाँट बदला, किंवा ‘रु.’ लिहा.

प्रश्नचिन्हं म्हणजे डेटा साठवतानाच गेला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम साध्या व्हारचार (युनिकोड न साठवणाऱ्या) प्रकाराचा असेल, किंवा एनव्हारचार (युनिकोडचा) असूनही क्वेरीत मजकुराआधी ‘एन’ लावला नसेल, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. ती परत मराठी होत नाहीत. मूळ कागद काढून पुन्हा नोंद करावी लागते. म्हणून नवीन प्रणाली लावली की पहिल्याच दिवशी एक नोंद छापून बघा, हंगाम संपल्यावर नको.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ (à) पुन्हा पुन्हा दिसत असेल तर डेटा यूटीएफ-८ मध्ये बरोबर आहे, वाचणारा तो दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचतो आहे. डेटाबेस जोडणीची सेटिंग तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

७. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला आहे. तोच फाँट लावून छापला तर चालेल ना?

छापण्यापुरतं चालेल. पण त्या डेटात मराठी नाहीच, इंग्रजी कळांची चिन्हं आहेत आणि फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. शोध, क्रमवारी, अक्षर मोजणं, दुसऱ्या फाँटमध्ये दाखवणं यातलं काही होणार नाही. एकदाच बदलून युनिकोड करा. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटची कळजोडणी वेगळी असते, म्हणून नेमका फाँट कोणता ते आधी शोधा. सर्वात जास्त घोळ मिश्र फील्डांत होतो. ‘एमएच २९’ असा गाडीचा नंबर खऱ्या इंग्रजीत टाइप केलेला असेल तर कन्व्हर्टर त्याचंही भलतंच मराठी करतो. अशी फील्डं आधी बाजूला काढा.

८. गावनिहाय रिपोर्टमध्ये एकच गाव दोनदा येतं. स्पेलिंग तर हुबेहूब सारखं आहे!

दिसायला सारखं, साठवायला वेगळं. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात खालच्या ठिपक्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही एकसारखे उमटतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द, म्हणून दोन गट. ‘कऱ्हाळे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांचं हेच होतं. शिवाय मागची रिकामी जागा, मोबाइलवरून चिकटवलेल्या नावातले अदृश्य जोडक, ‘अॅ’ आणि ‘ॲ’ हेही असतातच.

रिपोर्टमध्ये दुरुस्त करू नका, साठवतानाच एक रूप ठरवा. मी ऱ आणि हलन्त हे रूप ठेवतो आणि नोंद जतन होताना बाकीची त्यात बदलतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे गाव टाइपच करू देऊ नका, यादीतून निवडू द्या आणि गट गावाच्या कोडवर पाडा.

‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ मात्र आपोआप एक करू नका. ती दोन घरं असू शकतात.

९. व्हॅल्यू नसेल तिथे काय छापायचं: मोकळी जागा, शून्य, की रेघ?

यावर मी माझ्या ग्राहकांशी सर्वात जास्त वाद घातला आहे.

शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही, किंवा अजून कळलं नाही. डेटाबेसमध्ये दुसऱ्याला नल म्हणतात, आणि बरेच जण ‘रिपोर्ट घाण दिसतो’ म्हणून सगळे नल शून्य करून टाकतात. कापसाच्या ओलाव्याचं उदाहरण बघा. आधारभूत खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होतो. तीन गाड्या आल्या. एकीचा ओलावा ९, दुसरीचा ११, तिसरीचा मोजायचा राहिला. नल तसाच ठेवला तर सरासरी १० येते, कारण सरासरी काढताना नल मोजला जात नाही. तिथे शून्य घातलं की सरासरी ६.६७. तीनही गाड्या सर्वोत्तम असल्याचा कागद तयार झाला, आणि तो खोटा आहे.

एका जिनिंगच्या हिशेबपट्टीवर मीही ही चूक केली होती. कपातीच्या रकान्यात रक्कम अजून ठरायची होती आणि मी शून्य छापलं. कास्तकार तो कागद घेऊन आला, बोट ठेवून म्हणाला, “हे शून्य कायचं हाय भाऊ?” त्याने ते ‘कपात नाही’ असं वाचलं होतं, आणि बरोबरच वाचलं होतं. पुढच्या आठवड्यात कपात झाली तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगळ्या छापतो. मोजून शून्य आलं तर ०.००, लागूच नसेल तर आडवी रेघ, ठरायचं असेल तर ‘बाकी’ हा शब्द.

पैशाच्या रकान्यात मोकळी जागा कधीच सोडू नका. मोकळ्या जागेत पेनाने काहीही लिहिता येतं.

१०. पत्त्यात एक भाग नसला की पूर्ण पत्ताच गायब होतो.

मजकूर जोडताना एक तुकडा नल असला की अनेक डेटाबेसमध्ये संपूर्ण जोड नल होते. मायएसक्यूएलचं कॉन्कॅट असंच वागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्हाने जोडलं तर तसंच, पण तिथलं कॉन्कॅट नलला रिकामं समजतं. ओरॅकल तर रिकामा मजकूर आणि नल यांत फरकच करत नाही. मायएसक्यूएलमध्ये कॉन्कॅट-डब्ल्यूएस वापरा, ते नल वगळतं आणि स्वल्पविरामही नीट ठेवतं.

लेबलांचं विसरू नका. पोस्ट नसेल तर ‘पो.’ हे लेबलही जायला हवं, नाहीतर ‘मु. पिंपळगाव, पो. , ता. ’ असा पत्ता छापला जातो. लेबल आणि फील्ड एकाच अटीला बांधा.

११. १,००,००० ऐवजी १००,००० असं येतं. लाखाचा स्वल्पविराम कसा आणू?

जावाच्या नेहमीच्या डेसिमलफॉरमॅटमध्ये दोन-दोनचे गट पडतच नाहीत, पॅटर्न कसाही लिहा. तिथे आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं फॉरमॅटर घ्या. डॉटनेटमध्ये हिंदी-भारत किंवा मराठी-भारत कल्चर लावलं की लाख-कोटी आपोआप पडतात. जावास्क्रिप्टमध्ये इंग्रजी-भारत लोकेल लावलं तर लाखाचे गट आणि इंग्रजी अंक येतात, मराठी-भारत लावलं तर अंकही देवनागरी होतात.

अंक कोणते हे आधी विचारून घ्या. गावातल्या पट्टीवर मी देवनागरी ठेवतो. बँकेत जाणाऱ्या कागदावर खाते क्रमांक आणि आयएफएससी इंग्रजीतच. एकाच आकड्यात दोन्ही लिप्या मिसळू देऊ नका. आणि सजवलेला आकडा हा मजकूर असतो, त्यावर बेरीज करू नका. आधी बेरीज, मग सजावट.

१२. वजन ‘१२.५’ छापलं. कास्तकार म्हणतो १२ क्विंटल ५ किलो, आम्ही म्हणतो ५० किलो. कोण बरोबर?

गणिताने तुम्ही बरोबर आहात, पण पट्टीचं चुकलं आहे. तोंडी सगळे ‘बारा क्विंटल पाच किलो’ असं बोलतात, त्यामुळे टिंबानंतरचा आकडा किलो म्हणूनच वाचला जातो. फरक ४५ किलोचा. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ७,५२१ रुपये होती, म्हणजे ३,३८४ रुपये ४५ पैसे. एवढ्यासाठी भांडण होणारच.

क्विंटलला नेहमी दोन दशांश स्थळं छापा, शेवटी शून्य असलं तरी: १२.५०. वजनाच्या शंकेला जागाच ठेवायची नसेल तर दोन रकाने करा, क्विंटल आणि किलो. माझ्या सगळ्या पट्ट्यांवर आता दोन रकाने आहेत.

जमिनीचंही हेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. एका हेक्टरात १०० आर. ‘१.५’ म्हणजे १ हेक्टर ५० आर, पण कुणी १ हेक्टर ५ आर या अर्थाने तसं टाइप केलेलं असतं. फरक ४५ आरचा, एका एकराहून जास्त. आणि ‘१.२०.००’ असं दोन टिंबांचं क्षेत्र संख्या नसून मजकूर आहे, त्याची बेरीज होत नाही. साठवताना सगळं चौरस मीटरमध्ये साठवा, छापताना हेक्टर-आर करा.

१३. खालची बेरीज वरच्या आकड्यांशी एक रुपयाने जुळत नाही.

प्रत्येक ओळ छापताना पूर्ण रुपयात केली आणि बेरीज मात्र मूळ आकड्यांची घेतली, की हे होतं. हमालीच्या तीन ओळी १०.४० रुपयांच्या असल्या तर १०, १०, १० छापलं जातं आणि खाली ३१. कागदावर तीन दहाचे एकतीस कुणी मान्य करणार नाही. आधी ठरवा: ओळ पूर्ण रुपयात करून तीच साठवायची, किंवा सगळीकडे पैसे दाखवून शेवटी एकदाच ‘पूर्णांकातील फरक’ अशी ओळ छापायची. मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरं कारण अर्ध्याचं. पायथनचं राउंड, डॉटनेटचं साधं मॅथ-राउंड आणि जावाचं डेसिमलफॉरमॅट नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतात, म्हणून २.५ चे २ होतात. डेटाबेसचं राउंड दशांश प्रकारावर ३ देतं. निम्मं गणित डेटाबेसमध्ये आणि निम्मं रिपोर्टमध्ये केलं की फरक पडतो. पैसे फ्लोट (अंदाजे दशांश धरणाऱ्या) प्रकारात साठवू नका, दशांश प्रकारात साठवा.

१४. एक्सेलमध्ये काढलं की गट नंबर १२/१ ची १२ जानेवारी होते!

एक्सेल तिरप्या रेघेला तारीख समजतं. उपविभाग असलेले सगळे गट नंबर या तडाख्यात सापडतात. मोठ्या खाते क्रमांकाचं त्याहून वाईट होतं. एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक धरतं, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि पैसे भलत्या खात्याकडे निघतात किंवा परत येतात. सुरुवातीचे शून्यही उडतात.

गट नंबर, खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड यांची कधी बेरीज करत नाही, म्हणजे त्या संख्या नाहीतच. डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून साठवा आणि निर्यात करताना सेलचा प्रकार मजकूर ठेवा. सीएसव्ही दिली तर हा प्रकार सोबत जात नाही. समोरचा ती एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडणार असेल तर सीएसव्ही देऊच नका, एक्सेलची खरी फाइल बनवा.

१५. रात्रीच्या काट्याच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख येते.

हंगामात गाड्यांची रांग मध्यरात्रीनंतरही हलत असते, म्हणून आपल्याकडे हे लवकर दिसतं. सर्व्हर जागतिक वेळ साठवतो आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या पावत्यांना आदली तारीख लागते. छापण्याआधी वेळ भारतीय करा, आणि ‘आजच्या’ पावत्या गाळतानाही भारतीय दिवसच धरा. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

वर्षाखेरीची एक गाठ जावात आहे. वर्षासाठी मोठा वाय लिहिला तर ते आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष होतं. ३० डिसेंबर २०२४ ची पावती ३० डिसेंबर २०२५ म्हणून छापली जाते. छोटा वाय लिहा. महिन्याला मोठा एम, छोटा एम मिनिटांचा.

१६. अट घातली आहे तरी शून्याने भागल्याची चूक येते.

जिनिंगमध्ये रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघाली ते) काढताना रुई भागिले कापूस करतो. मशीन बंद असलेल्या दिवशी कापूस शून्य. ‘कापूस शून्य असेल तर रेघ, नाहीतर भागाकार’ अशी अट आरडीएलसीच्या आयआयएफ या ‘जर-नाहीतर’ फंक्शनने लिहिली तरी ते दोन्ही बाजू आधी मोजतो, आणि भागाकार फुटतो. उपाय असा की भागाकाराच्या आतही अट ठेवा: कापूस शून्य असेल तर १ ने भागा. ते उत्तर छापलं जात नाही, फक्त मोजताना फुटत नाही. रेघ का छापायची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१७. रक्कम अक्षरी कशी छापायची?

इंग्रजीत वीसनंतर शब्द जोडून चालतात, मराठीत नाही. एकोणीस, एकोणऐंशी, त्र्याण्णव यांना सोपा नियम लागत नाही. १ ते ९९ चे शब्द एका तक्त्यात हाताने लिहा आणि मराठीच्या शिक्षकाकडून तपासून घ्या. नेमके १०० असतील तर ‘शंभर’, १०१ पासून ‘एकशे’. ९३,६३६.४५ म्हणजे त्र्याण्णव हजार सहाशे छत्तीस रुपये पंचेचाळीस पैसे. अक्षरी रक्कम हिशेबी फील्ड म्हणून त्याच आकड्यावरून काढा, वेगळी साठवू नका. दोन्ही वेगळ्या दिसल्या की पावती वादात पडते.

१८. नावांची क्रमवारी चुकते. क्षीरसागर क-मध्ये येतात आणि निम्मा गाव श-मध्ये.

आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. युनिकोडच्या क्रमाने ळ ल-ला लागून आहे, क्ष क-खाली जातो, आणि ‘ॲ’ सगळ्या व्यंजनांच्याही मागे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (क्रमवारीचे नियम) लावा. निम्मा गाव श-मध्ये जातो याचं कारण नावाआधीचं ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’. संबोधन वेगळ्या फील्डात ठेवा.

१९. डॉट मॅट्रिक्सवर मराठी पट्टी फार हळू निघते.

काट्यावर डॉट मॅट्रिक्स अजून लागतो, कारण कार्बनच्या तीन प्रती एकदम निघतात. साध्या मजकुराच्या पद्धतीत तो स्वतःची अंगभूत अक्षरं छापतो आणि त्यांत देवनागरी बहुधा नसते, म्हणून मराठी पट्टी चित्र म्हणून जाते. लेबलं छापील स्टेशनरीवर मराठीत ठेवा आणि मशीनने फक्त आकडे छापा, वेग परत येतो. ओळीत ८० रकाने बसतात. थर्मलवर जायचं असेल तर ८० मिलिमीटरच्या कागदावर छापायची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर, म्हणजे ५७६ ठिपके, हे धरून मांडणी करा.

२०. आधार क्रमांक पावतीवर छापायचा का?

पूर्ण नको. पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार दाखवा. झाकण्याचं काम क्वेरीतच करा. रिपोर्टमध्ये पांढऱ्या रंगाने किंवा चौकोनाने लपवलेला क्रमांक पीडीएफमधून कॉपी करता येतो. सूचना फलकावर लावायच्या यादीत आधार, मोबाइल आणि खाते क्रमांक, तिन्ही नकोत.

२१. जुनी पावती पुन्हा छापली तर आजचा दर येतो. मूळ प्रत तर कास्तकाराकडे वेगळीच आहे.

रिपोर्ट दर आजच्या दरपत्रकातून उचलतो आहे. पावती बनली त्या क्षणीचा दर, कपातीची टक्केवारी, कास्तकाराचं नाव आणि पत्ता पावतीच्याच नोंदीत उतरवून ठेवा, आणि रिपोर्टची फील्डं तिथूनच घ्या. नावाबद्दल लोक विचारतात की दुरुस्ती झाली तर काय. दुरुस्त नाव पुढच्या पावतीपासून लागेल, जुनी पावती त्या दिवशी जशी होती तशीच निघेल.

पुन्हा छापलेल्या प्रतीवर ‘दुय्यम प्रत’ आणि छापल्याची तारीख-वेळ ही फील्डं ठेवा, पावतीच्या तारखेपासून वेगळ्या जागी आणि स्वतःच्या लेबलासह. लाईट गेल्यामुळे अर्धवट छापलेली पट्टीही दुय्यम प्रत म्हणूनच काढा, त्याच क्रमांकाने. नवीन क्रमांक दिला तर एका गाडीच्या दोन पट्ट्या होतात. आधीच झालेल्या जुन्या नोंदींत दर साठवलेला नसेल तर एकूण रक्कम भागिले वजन करून तो काढता येतो. तो भरण्याआधी दहा-वीस मूळ कागदांशी ताडून बघा.